आडनावाचा रकाना

माझ्या वडिलांचं नाव काशीनाथ. पुढे काही नाही, मागेही काही नाही. दिल्लीत हे सांगितलं की समोरचा माणूस थांबतो, पेन वर धरतो आणि म्हणतो, "जी, पूरा नाम?" मग बाबा म्हणतात, "यही पूरा है." हा संवाद मी कळायला लागल्यापासून ऐकत आले आहे. बँकेत, गॅस एजन्सीत, रेल्वेच्या खिडकीवर, माझ्या स्वतःच्या कॉलेजच्या ॲडमिशनला. बाबा दर वेळी तितक्याच शांतपणे सांगतात आणि दर वेळी माझं डोकं तितकंच फिरतं.

आडनाव त्यांना होतं. भंडारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात ते आडनाव उच्चारलं की पुढचं काही विचारावं लागत नसे. घर कुठल्या बाजूला, पाणी कुठल्या विहिरीवर, सगळं त्यात आलं. शाळेत हजेरी घेताना मास्तर बाकीच्या पोरांना नावानं हाक मारायचे आणि बाबांना नुसत्या आडनावानं. दाराजवळच्या जागेवरून उठून, मान खाली घालून बाबा "हजर" म्हणायचे. नोकरीला लागण्याआधी त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव बदलल्याचं छापून आणलं आणि ते आडनाव टाकून दिलं. दुसरं घेतलं नाही. "एक काढून दुसरं कशाला लावायचं? लोक त्यातूनही शोधायचं ते शोधतातच," असं ते म्हणतात. ते आडनाव आमच्या घरात कुणी उच्चारत नाही, आणि मीही ते इथे लिहिणार नाही.

आईनं लग्नानंतर शैला काशीनाथ लावलं. मी उन्नती काशीनाथ, धाकटा भाऊ धम्मदीप काशीनाथ. शेवटी वडिलांचं नाव बघून आम्हाला लोक फार तर "साउथ के हो?" असं विचारतात आणि आम्ही काहीतरी पुटपुटून सुटतो. अडकतात ते फक्त बाबा. आमची तिघांची आडनावं ज्यांच्यावर उभी आहेत, त्यांनाच आडनाव नाही.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर आहे, म्हणजे लोकांकडून रकाने भरून घेणं हाच माझाही धंदा. धम्मदीप गुरुग्रामच्या एका कंपनीत आहे, पण त्याचा जीव तिथे नाही. त्याचा जीव लिंटेलमध्ये. लिंटेल हे वेबसाइट बनवणाऱ्यांचं एक फ्रेमवर्क आहे. म्हणजे पायापासून एकेक वीट रचत बसायला नको, बरंचसं बांधकाम तयार मिळतं, तेही फुकट. जगभरातली माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून त्याची देखभाल करतात. त्यातला जनरेटरचा भाग गेली काही वर्षं धम्मदीपकडे आहे. आई बरेच दिवस समजत होती की तो सोसायटीच्या डिझेलच्या जनरेटरचं काहीतरी बघतो. वीज गेली की ती त्याच्याकडे रागानं पाहायची.

मला मात्र त्यानं नीट समजावलं होतं.

"ताई, समज तुला हॉस्पिटलची साइट बनवायची आहे. तू एक ओळ टाइप करायची, की मला 'पेशंट' पाहिजे. जनरेटर तुला पेशंटचा अख्खा फॉर्म लिहून देतो. नाव, फोन, पत्ता, खाली हिरवं बटण. तू वेगळं काही सांगितलं नाहीस तर बाकीचं तो स्वतःच गृहीत धरतो. त्याला म्हणायचं डिफॉल्ट."

"आणि लोक ते नंतर बदलत नाहीत?"

"कोण बदलतंय यार? कोणाला वेळ आहे?"

लिंटेलनं गृहीत धरलं होतं की प्रत्येक माणसाला एक नाव असतं आणि एक आडनाव असतं. दोन रकाने, दोन्ही सक्तीचे. मुळात ज्यानं हे लिहिलं तो पोर्तुगालचा गृहस्थ आता गावी जाऊन मधमाश्या पाळतो. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आडनाव नसलेला माणूस त्याला कधी भेटला नव्हता, इतकंच. मला याचाच जास्त राग येतो. वाईट मनाच्या माणसाशी निदान भांडता येतं.

जनरेटर नव्या पद्धतीनं लिहायचं काम निघालं तेव्हा धम्मदीप या रकान्याच्या मागे लागला. त्याचं म्हणणं एकच, की "पूर्ण नाव" असा एकच रकाना ठेवा, ज्याला जे नाव असेल ते तो लिहील. इंडोनेशियाची एक बाई आणि मदुराईचा एक मुलगा त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाकीच्यांनी फाटे फोडले. जुनी ट्यूटोरियल्स चुकीची ठरतील, लोकांना सवय झाली आहे, आणि मुळात आडनाव नसलेली माणसं असून असून असतात किती? या शेवटच्या प्रश्नाला धम्मदीपनं उत्तर लिहिलं, "एक आत्ता माझ्या शेजारच्या खोलीत मटार सोलतोय." वाद महिनोन् महिने चालला. तो चिकटून राहिला, आणि अखेर सगळ्यांनी मान्य केलं.

नवी आवृत्ती आली त्या संध्याकाळी तो काजूकतली घेऊन आला. बाबांना लॅपटॉपसमोर बसवलं, त्यांच्यादेखत ती एक ओळ टाइप केली आणि फॉर्म उघडला. नावाला एकच रकाना. बाबांनी चष्मा पुसला, एका बोटानं अक्षरं शोधत शोधत आपलं नाव लिहिलं आणि हिरवं बटण दाबलं. कुणी काही विचारलं नाही. लाल अक्षरं आली नाहीत. बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"म्हणजे आता जो कोणी नवीन बनवेल, त्याच्याकडे माझं नाव बसणार?"

"बिल्कुल बसणार, बाबा."

त्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर बाबा सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पोरानं जगातलं आडनाव काढलं." पद्माकरकाकांनी, म्हणजे बाबांच्या रेल्वेच्या नोकरीतल्या मित्रानं, टाळ्या वाजवल्या. घरी येताना मी बाबांना चिडवलं, "जगातलं नाही हो, एका फ्रेमवर्कमधलं." ते म्हणाले, "तेच ते."

नोव्हेंबरात बाबांना धाप लागायला लागली. दिल्लीत नोव्हेंबरात धाप कुणाला लागत नाही? आम्ही खिडक्या लावून घेतल्या, एअर प्युरिफायर बैठकीतून त्यांच्या खोलीत नेला, सकाळचं फिरणं बंद केलं. खोलीतून बाल्कनीपर्यंत जाताना ते दाराला धरून उभे राहायला लागले, तरी आम्ही आपले फोनवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघत होतो. मग वारा सुटला, आकाश निळं दिसायला लागलं, आमच्या द्वारका भागात सगळ्यांनी खिडक्या उघडल्या, आणि बाबांची धाप तशीच राहिली. तेव्हा कुठे आमची ट्यूब पेटली.

पेन्शनरांच्या सरकारी पॅनलवरचं एक मोठं हॉस्पिटल आमच्यापासून जवळ आहे. डॉक्टर चांगले भेटले. त्यांनी सोनोग्राफीसारखी तपासणी केली आणि चित्र काढून दाखवलं. हृदयातली एक झडप आकसून अगदी अरुंद झाली होती, ती बदलावी लागणार होती. "देर मत कीजिए," ते म्हणाले. मी विचारलं, देर म्हणजे किती? ते नुसते बाबांच्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिले.

आता त्या हॉस्पिटलची गोष्ट. पहिल्याच दिवशी ओपीडीच्या खिडकीवरच्या मुलीनं विचारलं होतं, "अंकल, सरनेम?" बाबांनी नेहमीचं उत्तर दिलं. "कोई बात नहीं, कुमार डाल देती हूँ," ती म्हणाली, "सबका यही डालते हैं." दिल्लीची ही जुनी पद्धत आहे. ज्याला काही नाही त्याला कुमार, बाई असेल तर देवी. मी तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, "चलो, राहू दे, उभं राहवत नाही." त्यामुळे रक्त, एक्स-रे, हृदयाची चित्रं, सगळे रिपोर्ट काशीनाथ कुमार नावाच्या कुणा माणसाचे तयार झाले.

ॲडमिशनच्या काउंटरवर अनुराग नावाचे गृहस्थ होते. चांगला माणूस. बाबांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग त्यांनी आधार कार्ड मशीनवर ठेवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. ऑपरेशनची तारीख मिळण्याआधी रजिस्ट्रेशन पक्कं व्हायला हवं, आणि त्यासाठी नाव ओळखपत्राशी जुळायला हवं. आधारवर नुसतं काशीनाथ. कुमार ठेवला तर जुळत नाही. कुमार काढला तर रकाना रिकामा राहतो, आणि रिकामा रकाना सिस्टिम घेत नाही.

धम्मदीप काउंटरवरून वाकून स्क्रीन बघत होता. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"ताई, हे लिंटेल आहे."

"कशावरून?"

"ते लाल वाक्य बघ. शेवटी दोन पूर्णविराम आहेत. ती चूक मूळची आहे, पोर्तुगालवाल्याची. मीच काढली ती नव्या आवृत्तीत. आणि बटण बघ ना. तोच हिरवा रंग आहे."

मी बघितलं. आडनाव भरणं आवश्यक आहे, असं इंग्रजीत लाल अक्षरांत लिहिलं होतं आणि पुढे दोन पूर्णविराम होते. अनुरागजींनी रकान्यात टिंब टाकून पाहिलं. नाही घेतलं. आडवी रेघ, नाही. "एनए" लिहिलं तर घेतलं, पण मग आधार म्हणालं, हा माणूस तो नव्हे. काशीनाथ काशीनाथ असं दोनदा लिहून झालं. तेही नाही.

"सर, बुरा मत मानिए," अनुरागजी हळू आवाजात म्हणाले, "अंकल बेहोश आते तो कोई दिक्कत नहीं थी. इमरजेंसी में सिस्टम अपने आप नाम डाल देता है. अननोन, और सरनेम में मेल."

बेशुद्ध, बेवारशी माणसालासुद्धा त्या रकान्यात 'मेल', म्हणजे पुरुष, असं आडनाव मिळत होतं. शुद्धीत खुर्चीवर बसून पाणी पिणाऱ्या माझ्या बापाला जागा नव्हती.

घरी आल्यावर बाबांनी जो प्रश्न विचारला तो मी विसरू शकत नाही. रागानं विचारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी खरंच न कळून विचारला.

"पण धम्मा, ते तर तू काढलंस ना?"

धम्मदीप त्यांच्या पलंगाशी खाली बसला. "बाबा, शिंप्याकडे कागदाचं कटिंग असतं बघा, त्यावरून तो शर्ट बेततो. मी ते कटिंग बदललं. आता जो शर्ट शिवला जाईल तो नव्या कटिंगनं. पण जे शर्ट आधीच शिवून लोकांच्या अंगावर गेले, त्यांना मी काही करू शकत नाही. हॉस्पिटलनं हे खूप वर्षांपूर्वी बनवून घेतलंय."

"मग त्यांना सांग उसवून घ्यायला."

"सांगतो, बाबा."

साइटच्या तळाशी बारीक अक्षरांत नोएडाच्या एका कंपनीचं नाव होतं. तिथे फोन केल्यावर साकेत नावाचा मुलगा लाइनवर आला. मूळचा पुण्याचा. धम्मदीपनं नाव सांगितलं आणि पलीकडून आवाजच बदलला. धम्मदीपनं फोन स्पीकरवर टाकला होता.

"धम्मदीप सर? लिंटेलचे? अरे सर, मी रोज तुमचा जनरेटर वापरतो! नवीन आवृत्ती एकदम मस्त झालीये. तो नावाचा रकाना तर बिल्कुल बरोबर केलात."

"साकेत, तोच रकाना मला तुमच्या हॉस्पिटलच्या साइटवर पाहिजे. आडनाव सक्तीचं आहे ते काढायचं. एका ओळीचं काम आहे."

साकेतचा आवाज खाली आला.

"सर, तुम्हाला तर माहीतच आहे. एक ओळ तिथे आहे. पण त्या आडनावावर लॅब जोडलीये, फार्मसी जोडलीये, बिलिंग जोडलंय. ज्यांनी जोडलं ते सगळे सोडून गेले. आम्हाला सांगितलंय की चालतंय ना, मग हात नाही लावायचा."

"मी लिहून देतो. सगळीकडचं. फुकट."

"सर, बाहेरच्या माणसाला कोड दाखवता येत नाही. हॉस्पिटलचा करार आहे." मग तो अगदी मनापासून म्हणाला, "सॉरी सर. खरंच सॉरी. तुमच्याशी बोलायला मिळालं याचा आनंद आहे, पण असं नको होतं."

तरीही धम्मदीपनं अंदाजानं सगळं लिहून पाठवलं. जुन्या जनरेटरनं काय काय लिहिलं असेल हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? साकेतच्या साहेबांनी आभार मानले, तक्रारीला नंबर दिला आणि त्यापुढे लिहिलं, विचाराधीन. हा शब्द मी स्वतः इतक्या फायलींवर लिहिला आहे की त्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी आमच्या खात्यातून ओळखी काढल्या, हॉस्पिटलच्या वरिष्ठांना भेटले, आवाज चढवला. सगळे सौजन्यानं बोलले. चहा दिला. कुणीही नाही म्हटलं नाही. नाही म्हणणारा माणूसच तिथे नव्हता, फक्त तो रकाना होता.

दुसरं हॉस्पिटल का नाही, असं कुणीही विचारेल. आम्हीही विचारलं. हे ऑपरेशन करणारं पॅनलवरचं दुसरं हॉस्पिटल लांब, दिल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. धम्मदीपनं आधी त्याची साइट उघडली. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. हिरवं बटण दिसलं तेव्हाच कळलं. तरी त्यानं आडनाव रिकामं सोडून बटण दाबलं, आणि दोन पूर्णविराम आले. त्यानं आणखी एक साइट उघडली, मग आणखी एक, हॉस्पिटलांशी काही संबंध नसलेल्यासुद्धा. एक कोचिंग क्लास, एक कुरिअर. निम्म्याहून जास्त ठिकाणी तेच.

"किती ठिकाणी असेल रे हे?" मी विचारलं.

"कोणाला माहीत, ताई? कोणी सांगत थोडीच वापरतं."

त्याच सुमारास त्याला इंडोनेशियाच्या त्या बाईचा मेसेज आला. तिच्या गावच्या दवाखान्यानं नवी साइट बनवली होती आणि तिच्या आईचं एकाच शब्दाचं नाव पहिल्यांदाच नीट बसलं होतं. तिनं आईचा फोटो पाठवला होता, हसणारी म्हातारी. धम्मदीपनं तो मला दाखवला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. मला त्या म्हातारीचा हेवा वाटला. खरंच वाटला, लपवून काय करू?

बाबांना आता आडवं झोपता येत नव्हतं. चार उशा लावून बसूनच झोपायचे. बोलताना वाक्याच्या मध्ये थांबायचे. अनुरागजींनीच एक दिवस आपणहून फोन केला. आधार सोडून "अन्य सरकारी दस्तावेज" असा एक पर्याय सिस्टिममध्ये होता. त्याला मशीन तपासत नाही, माणूस डोळ्यांनी तपासतो. "अंकल का कोई भी पुराना सरकारी कागज़, जिसमें सरनेम हो. बस एक. मैं खुद वेरिफाय कर दूँगा."

मी फोन ठेवला. खोलीत चौघंही होतो. नोकरीची कागदपत्रं, पेन्शन, पासबुक, सगळीकडे नुसतं काशीनाथ. शाळेचा दाखला गावच्या पुरात गेला होता. आडनाव छापलेला सरकारी कागद एकच होता, आणि तो कुठला हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. राजपत्राचं ते पान. जुनं नाव, त्यापुढे नवं नाव. ज्या कागदानं बाबांनी आडनाव टाकलं, तेवढ्याच एका कागदावर ते उरलं होतं.

बाबा म्हणाले, "मग राहू दे."

"बाबा, राहू दे म्हणजे काय?" मी ओरडलेच. "तुम्हाला कळतंय का काय म्हणताय ते?"

"कळतंय." ते थांबले, श्वास घेतला. "एवढी वर्षं... त्या एका शब्दाशिवाय काढली. आता शेवटी... त्या नावानं नाही जायचं मला."

धम्मदीप भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याला बोलायला तोंडच राहिलं नव्हतं, असं त्यानं मला नंतर सांगितलं, आणि मी त्याला म्हटलं की मूर्खा, तुझा काय दोष? पण ते नंतर.

आई पलंगाच्या कडेला बसून बाबांच्या पायाला तेल लावत होती. सुजलेल्या पायावर तिच्या अंगठ्याचे खड्डे पडत होते. हात न थांबवता तिनं विचारलं, "अहो, माझं पूर्ण नाव काय?"

"हे काय आता?"

"सांगा तर."

"शैला काशीनाथ."

"म्हणजे माझं आडनाव तुम्ही. तुम्ही आपलं टाकलंत, ते बरोबर केलंत. मी काही बोलले नाही, उलट मिरवलं मी ते. पण मला माझं टाकायचं नाही. माझं तुम्हाला टाकता येणार नाही."

तिचा हात त्यांच्या पायावर फिरत राहिला. मग बाबा मला म्हणाले, "उन्नती, लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत."

ॲडमिशनच्या सकाळी आई मागे घरी राहिली, डबा घेऊन दुपारी येणार होती. मी आणि धम्मदीप बाबांना घेऊन गेलो. अनुरागजींनी ते पिवळं पडलेलं पान दोन्ही हातांनी जपून घेतलं. मराठी देवनागरीत असल्यामुळे त्यांना वाचता येत होतं. जुन्या नावावर बोट ठेवलं, अक्षर अक्षर बघत टाइप केलं. त्याच ओळीत पुढे काय लिहिलं आहे ते वाचायची त्यांना गरज नव्हती. रकाना भरला. हिरवं बटण दाबलं. लाल अक्षरं आली नाहीत.

"हो गया, अंकल," ते म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं.

मग आम्ही समोरच्या हॉलमध्ये बसलो. माणसंच माणसं. मानेसरच्या कारखान्यातला कुणी हात बांधून, कुणाच्या मांडीवर मूल, एक आजी माळ ओढत. धम्मदीप बाबांच्या शेजारी बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून. वॉर्डातून नर्स आली, हातात बाबांच्या मनगटावर बांधायची पट्टी घेऊन. तिनं पट्टीवरचं नाव वाचलं. इथले लोक आदरानं आडनावापुढे जी लावतात, तसं तिनं ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं.

मी ते आडनाव कुणाच्याही तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. क्षणभर मला कळलंच नाही की कुणाला बोलावतायत. धम्मदीपही हलला नाही. नर्सनं पुन्हा हाक मारली.

बाबा उठले. आम्ही आधार द्यायच्या आतच, खुर्चीचा हात धरून, स्वतःचे स्वतः उठले. त्यांची मान खाली गेली. आयुष्यात कुठल्याही काउंटरवर मी त्यांची मान खाली गेलेली पाहिली नव्हती. आणि त्या हिंदी बोलणाऱ्या हॉलमध्ये, धाप सावरत, ते मराठीत म्हणाले, "हजर."

धम्मदीपनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

ऑपरेशन चांगलं झालं. बाबा आता बाल्कनीपर्यंतच काय, बाजारापर्यंत चालत जातात. हॉस्पिटलचे मेसेज अजून येतात, तपासणीला या, गोळ्या घ्या. प्रत्येक मेसेज त्या नावानं सुरू होतो. धम्मदीपनं आपला नंबर दिला आहे, म्हणजे ते बाबांच्या फोनवर येत नाहीत. तो ते वाचतो, तारीख बाबांना सांगतो आणि पुसून टाकतो. तक्रार अजून विचाराधीन आहे. संध्याकाळी तो लिंटेलचं काम करतो, पूर्वीसारखाच, फक्त त्याबद्दल घरात बोलत नाही.

थंडी सरल्यावर बाबा पहिल्यांदा विहारात गेले. वंदना झाली, सगळे त्यांच्याभोवती जमले. कुणीतरी नवीन कुटुंब आलं होतं, यवतमाळकडचं, कडेवर लहान मुलगी. पद्माकरकाकांनी कौतुकानं त्यांना धम्मदीप दाखवला. "हा बघा, यांचा मुलगा. यानं जगातलं आडनाव काढलं. खरं की नाही हो, काशीनाथराव?"

धम्मदीप खाली बघत होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या कडेवरच्या मुलीकडे पाहिलं.

"काढलं की," ते म्हणाले. "हिच्यासाठी काढलं."